उजवी बाही दोन बोटं मोठी

पोळ्याला आठ दिवस होते तेव्हा माझी बायको म्हणाली, "पोरीच्या लग्नात मी मांडवात बसणार नाही. तुम्ही जा. माझ्या जागी तुमच्या वहिनीले बसवा."

मी चहा पीत होतो. बशी खाली ठेवली. आम्हाला पोरगी एकच. लग्न दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न लागलं की लगेच, खाप्याला, मुलाच्या गावी धरलं होतं. आई घरात जिवंत आणि कन्यादानाला काकू बसली, असं कुठे असतं?

"काहून?" मी विचारलं.

तिनं फक्त पदर उजव्या खांद्यावरून आणखी पुढे ओढून घेतला. तेव्हा मला समजलं, आणि विचारल्याबद्दल माझाच मला राग आला.

चैत्रात तिचं ऑपरेशन झालं होतं. उजवी छाती काढली होती. मी हे सरळ लिहितो. ती गाठ तिनं वर्षभर लाजेखातर लपवली, मलाही सांगितली नाही, म्हणून ही वेळ आली. लाजेपायी जे जायचं ते गेलं. आता लिहिताना कशाला लाजू?

काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, त्यामुळे उजवा हात सुजायचा. जुन्या ब्लाउजची बाही कोपराच्या वर चढत नव्हती. घरात ती माझा सदरा घालून बसायची. वरून पदर, पदरावर टॉवेल. नागपूरच्या मे महिन्यात अंगावर टॉवेल घेऊन बसलेली बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली. दारात कोणी आलं की ती आतल्या खोलीत. पोरीच्या साखरपुड्याला ताप आला म्हणून झोपून राहिली. ताप नव्हता. मी हात लावून पाहिला होता.

आणि आमच्या गल्लीची ब्लाउजवाली तीच. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून शिलाई मशीन घेऊन आली, तेव्हापासून अर्ध्या वस्तीचे ब्लाउज तिनं शिवले. बाई दारातून आत आली की नुसती पाहून सांगायची, "तुह्या ब्लाउजचा मुंढा चुकला वं, कोणी शिवला?" मुंढा म्हणजे जिथे बाही जोडतात तो गोल. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, या हातानं जोर लावायचा नाही, वजन उचलायचं नाही, मशीन तर नाहीच. कापड पुढे सरकवायला हाताचा दाब लागतो. तिनं एकदा माझं न ऐकता पाऊण तास शिवलं, तर रात्रभर हात उशीवर उंच ठेवून बसावं लागलं.

मी म्हटलं, "चौकातल्या बाईकडून शिवून घेऊ."

"तिले माप देऊ? उघडी होऊन?"

"मग पोरीले सांग. ती करीन काही."

पोरगी तेव्हा बर्डीच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी शिवी दिली. "तिच्या अंगाले हळद लागायची आहे. तिले मी हे दाखवीन?"

"मग मी शिवू का?"

मी रागात बोललो होतो. पट्टी बदलायचं काम दीड महिना मीच केलं होतं. नर्स यायला पाहिजे होती, बायको तिला हात लावू देईना.

ती म्हणाली, "तुम्ही तं पाह्यलंच आहे."

आणि मग म्हणाली, "शिकता का?"

माझं शिक्षण चौथी. बापाचा हातमाग होता, तो बंद पडल्यावर मी कामठीला पॉवरलूमवर लागलो आणि म्हातारा होईपर्यंत तेच केलं. रोज भरलेल्या ऑटोत लटकून जायचं, दिवसभर लूमच्या खडखडाटात उभं राहायचं, बहिरा होऊन घरी यायचं. कापड किती विणलं त्याचा हिशोब नाही. पण शिवलं नाही एक बटणसुद्धा. कापड विणणं आणि कापड शिवणं यात फरक काय, असं मला वाटलं. धागा तो धागा. मी म्हटलं, "शिकतो. त्यात काय आहे?"

दुसऱ्या दिवशी पोरगी कामावर गेली आणि बायकोनं मशीनवरचा कपडा काढला. स्वतः बाजूला उशीला टेकून बसली. पहिलं काम, तिनं चाकावरचा पट्टाच काढून टाकायला लावला. नुसतं पायडल मारायचं. पुढचा पाय, मागचा पाय. अर्धा तास मी नुसते पाय हलवत बसलो. मग पट्टा चढवला आणि मी पाय मारला तर चाक उलटं फिरलं.

"पाय आहेत का मुसळं?" ती म्हणाली. "चाकाले आधी हातानं पुढे ढकला, मग पाय द्या. जनावर हाकून नाही राहिले तुम्ही."

तीन दिवस चाक कधी सुलटं, कधी उलटं. चौथ्या दिवशी पाय बसला. त्या दिवशी मी इतका खूश झालो की उगाचच दहा मिनिटं मारत राहिलो. ती म्हणाली, "बस करा, मशीन कामठीले पोचली असन."

मग तिनं सुईत धागा न घालता मशीनखाली वर्तमानपत्र ठेवलं. सांगितलं, छापलेल्या ओळीच्या खालून सुई चालवायची, ओळीला भोक पडता कामा नये. आधी मोठ्या बातमीच्या ओळी, मग लहान अक्षरांच्या. पेपर मी कधी वाचणारा नाही. पण त्या पंधरा दिवसांत एक ओळ सोडली नाही. मेलेल्या माणसांच्या फोटोखालच्या ओळीसुद्धा शिवल्या. ती कागद उजेडापुढे धरायची आणि भोकं पाहायची. "हा कोण गा बिचारा, याचं नावच फाडलं तुम्ही."

धागा घातल्यावर खरी फजिती झाली. लूमवर धागा तुटला की विणकर डोळे मिटून गाठ मारतो. एका हाताच्या दोन बोटांत, अशी बारीक की कापडात दिसत नाही. मशीन चालू असतानाही मारतो. ते माझ्या बोटांतच होतं. सुईचा धागा तुटला, मी गाठ मारली आणि पाय दिला. धागा तुटला. गाठ मारली. तुटला. मी घामाघूम. बायको भाजी निवडत होती, तिनं मान वळवून पाहिलं तर रिळापासून सुईपर्यंत सात गाठी.

"हे काय करून राहिले जी?"

"धागा तुटते तुह्या मशीनचा. कच्चा आहे."

"गाठ सुईच्या डोळ्यातून जाईन का? सुतळीचा हार केला तुम्ही. तुटला तं नवा ओवायचा."

"तुटलेला धागा टाकून द्यायचा?"

"टाकून द्यायचा."

मला ते पटेना. जन्मभर एक वीत सूत वाया गेलं तर मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मी तुकडे खिशात घालत गेलो. धुताना तिला माझ्या सदऱ्याच्या खिशात धाग्याचा गोळा सापडला. तिनं तो माझ्या ताटाशेजारी ठेवला. "घ्या, तोंडी लावा."

आणखी एक खोड. लूमवर विणलेलं कापड आपोआप गुंडाळलं जातं, ते ताणलेलं असतं. मी मशीनवरचं कापड मागून ओढायचो. सुई वाकायची आणि मोडायची. पहिल्या महिन्यात मी एवढ्या सुया मोडल्या की दुकानदार मला पाहून आधीच पुडी काढून ठेवायचा. ती म्हणायची, "ओढू नका. मशीन स्वतः घेते. तुम्ही फक्त रस्ता दाखवा." हे वाक्य मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल.

सरळ टीप जमायला लागली तसं तिनं मला पिशव्या शिवायला बसवलं. जुन्या चादरीच्या पिशव्या, उशांच्या खोळी, परकराच्या पट्ट्या. गल्लीत घरटी एक पिशवी गेली. समोरची बाई दारातून डोकावून म्हणाली, "काय जी भाऊजी, तुम्ही शिवून राहिले?" चौकात चहा पिताना माझ्यासोबत लूमवर असलेला एक जण म्हणाला, "काय गा, ऐकलं तू परकर शिवतो. बांगड्या भरल्या का?"

मी म्हटलं, "भरल्या. तुह्या बायकोचा परकर आणून दे, तोही शिवतो. फाटका असन, तू कुठं घेऊन देतो तिले."

तो चहाचे पैसे देऊन निघाला.

नवरात्राचे घट बसले त्या आठवड्यात पहिला ब्लाउज शिवला. जुन्या धोतराचा. माप मीच घेतलं, दार लावून. तिनं डोळे मिटले होते. टेपनं मी डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं, दंड मोजला. उजवा दंड डाव्यापेक्षा चांगला जाड. ती म्हणाली, "लिहा, उजवी बाही दोन बोटं मोठी." मी लिहिलं. ती डोळे मिटल्यामिटल्याच म्हणाली, "बाही का बाई लिहिलं?" डोळे मिटून कसं दिसलं तिला, देव जाणे.

ब्लाउज बसला, पण उजवीकडे आत काहीतरी पाहिजे ना. तिनं सांगितलं तशी आतून एक खिसा शिवला आणि त्यात कापसाची उशी घातली. आरशात दोन्ही बाजू सारख्या दिसल्या. ती स्वयंपाकघरात गेली. फळीवरचा डबा काढायला तिनं डावा हात वर केला, ब्लाउज थोडा वर गेला, आणि तो कापूस हलका, तो त्याच्यासोबत वर चढून गळ्याशी येऊन बसला. तिनं खाली पाहिलं. डबा तसाच ठेवला आणि चुलीपुढे पाटावर बसून रडली. ऑपरेशन झाल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. दवाखान्यातही नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "वहिनीले सांगून या."

मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. मी घाबरलो होतो. तुळशीच्या लग्नाला दीड महिना राहिला होता.

तिसऱ्या दिवशी मला बापाचा माग आठवला. मागाला वजन टांगलेलं असतं, दगडाचं किंवा लोखंडाचं. वजन नसलं तर ताणा, म्हणजे उभे धागे, सैल पडतात, कापड जागेवर राहत नाही. जागेवर राहायचं असेल तर वजन पाहिजे. कापूस वर चढतो कारण त्याला वजन नाही. एवढी साधी गोष्ट. मी उठून स्वयंपाकघरातले डबे उघडायला लागलो.

"काय शोधून राहिले?"

"वजन."

तांदूळ घालून पाहिले, टोचतात. ज्वारी घालून पाहिली, कडक. मग मोहरी. मोहरी गोल, बारीक, हातात घेतली की हातासारखी होते. धोतराच्या कापडाची पिशवी शिवली, त्यात मोहरी ओतली. मी म्हटलं, "दुसऱ्या बाजूचं वजन किती असन?"

"लाज आहे का काही?"

"तराजू आणू का शेजारून?"

ती हसणार होती पण हसली नाही. तिनं डाव्या तळहातावर पिशवी घेतली, डोळे मिटले, आणि म्हणाली, टाका. मी मूठमूठ टाकत गेलो. एका जागी ती म्हणाली, "बस." मग म्हणाली, "चिमूटभर काढा." मी चिमूटभर काढली. तिनं ती पिशवी खिशात बसवली, हात वर केला, वाकली, उठली, डबा काढला, ठेवला. पिशवी जागची हलली नाही.

चार दिवस ती तो ब्लाउज घालून घरात फिरली. टॉवेल दोरीवर गेला. एकदा दारातून भाजीवाल्याशी भांडलीसुद्धा. मग एका संध्याकाळी तिनं ब्लाउज धुतला आणि घडी करून आतल्या खोलीतल्या दोरीवर टाकला. परतीच्या पावसाची झड होती, काही वाळत नव्हतं. तीन दिवसांनी ती ब्लाउज घ्यायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अवो! या इकडे! लवकर या!"

मी धावलो. मला वाटलं पडली. ती ब्लाउज हातात धरून उभी होती. धुताना पिशवी काढायची ती विसरली होती. पिशवीच्या शिवणीतून, माझ्या टिपेच्या फटीफटीतून, पांढरे पांढरे कोंब बाहेर आले होते. वर हिरवी दोन दोन पानं. मोहरी उगवली होती.

मी काही बोलायच्या आत ती हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली, मग खाली बसली. डोळ्यांतून पाणी. "बाप्पा! पीक आलं! पोरीच्या मांडवात बसली असती मी, आणि पंगतीले हिरवी भाजी निघाली असती!" मीही हसलो. किती महिन्यांनी, ते मला माहीत नाही. तिनं ती पिशवी टाकू दिली नाही. फुटक्या बादलीत माती घालून फाडून पेरली आणि वीतभर झाल्यावर तिची भाजी केली. पोरीला वाढली. पोरगी म्हणाली, "आई, मस्त आहे, कुठली?" बायको म्हणाली, "घरची." आम्ही दोघं ताटात पाहत राहिलो.

मग उपाय तिनंच काढला. "भाजून भरा. भाजलेलं बी उगवत नाही." तव्यावर मंद भाजायची, तडतडू द्यायची नाही. त्याचा वास मात्र राहायचा, थोडासा, फोडणीचा. ती म्हणाली, "राहू द्या. बाईच्या अंगाले फोडणीचा वास येणार नाही तं काय अत्तराचा येईन?"

खरा ब्लाउज बाकी होता. मांडवातली साडी जांभळी, जरीच्या काठाची. त्याच्यासोबतचं ब्लाउजचं कापड एकच. चुकलं तर दुसरं नाही. धोतराचे, चादरीचे मिळून तीन ब्लाउज मी शिवले होते, पण या कापडावर कात्री ठेवली आणि हात थांबला. विणकराला कापड कापता येत नाही. मागावर ज्यानं एक एक धागा भरला त्याला माहीत असतं काय कापून राहिलो ते. कात्री धरून मी बसलो. ती म्हणाली, "कापा." मी बसलोच. ती म्हणाली, "डॉक्टरनं मले कापलं, त्याचा हात नाही थरथरला. तुम्ही चिंधीले भिऊन राहिले?"

मी कापलं. आणि चुकलं.

कापड मी उलटं अंथरलं होतं. सरळ बाजू खाली, उलटी वर. खडूनं ज्या बाहीवर उजवी म्हणून लिहिलं, ती सरळ केली की डावी झाली. काठ इकडचा तिकडे करता येत नव्हता. मोठी बाही डाव्या हाताची झाली, आणि सुजलेल्या हाताची लहान. लग्नाला सहा दिवस होते.

मी तिला सांगितलं. मला वाटलं ती आता म्हणणार, वहिनीला बोलवा. तिनं दोन्ही बाह्या मांडीवर घेऊन एकीवर एक ठेवून पाहिल्या. मग म्हणाली, "डावी आत घेऊन बारीक करता येते. उजवीले बगलेत कळी लावावी लागीन. तुकडा उरला आहे का?"

तुकडा होता, कापताना उरलेला, बोटाएवढा रुंद. पण कळी म्हणजे मध्ये जोडलेली पट्टी, ती लावली की जोड दिसतो. तिच्या हातचा जोड न दिसणारा असायचा, माझ्या हातचा कसा असेल? मी तो तुकडा उजेडात धरला. आणि मग मला दिसलं की हे तर माझं काम आहे. जांभळ्या कापडात बारीक उभी रेघ होती, दर आठ धाग्यांनी. ताण्याचा उभा धागा कुठे पडतो, बाण्याचा आडवा कुठे, हे मला शिंप्यापेक्षा जास्त दिसतं. दोन दिवस मी चष्मा नाकावर ठेवून त्या कळीला बसलो. रेघेला रेघ, धाग्याला धागा लावला. आधी हातानं टाका, मग मशीन, एक एक टीप चाक हातानं फिरवून. पायसुद्धा नाही दिला.

ती जोड शोधायला बसली. बोट फिरवलं. डोळ्यांशी धरलं. उलटून पाहिलं तेव्हा कुठे सापडला.

"हं," ती म्हणाली.

तिनं अख्ख्या जन्मात दुसऱ्याच्या शिलाईला "हं" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. नेहमी मुंढा चुकलेला असायचा.

खाप्याला वहिनी माझ्या आधीच पोचल्या होत्या. रेशमी साडी, नाकात नथ, अंबाडा. मांडवात बसायची पूर्ण तयारी. कोणी तरी त्यांच्या कानावर घातलं होतं की माझी बायको बसणार नाही. आणि बायको गाडीतून उतरली. जांभळी साडी, पदर नीट खांद्यावर, टॉवेल नाही, शाल नाही. दोन्ही खांदे सारखे. सरळ चालत मांडवात गेली आणि आपल्या पाटावर बसली. वहिनी बाजूला सरकल्या.

कन्यादानाला आईनं पाणी सोडायचं असतं. तांब्या भरलेला. उजव्या हातानं उचलायचा. मी खालून हात लावायला गेलो, तर ती ओठ न हलवता म्हणाली, "हात काढा. जमते मले." हात वर गेला. बाही ताणली नाही, शिवण उसवली नाही, आतली पिशवी हलली नाही. पाण्याची धार आमच्या हातांवरून पोरीच्या हातावर पडली. मी पोरीकडे पाहायला पाहिजे होतं. मी बगलेतल्या कळीकडे पाहत होतो.

पंगतीनंतर बायका जमल्या. वहिनी वास घेत म्हणाल्या, "इकडेच फोडणी देऊन राहिले का कोणी?" बायकोनं पदर नीट केला. मग वहिनींचं लक्ष ब्लाउजकडे गेलं. "शिलाई छान आहे वं. धरमपेठेत शिवला का?"

"नाही," बायको म्हणाली. "घरी शिंपी ठेवला आहे, दोन वेळच्या जेवणावर."

"मग माहाही शिवून दे ना त्याच्याकडून."

"त्याले बाकीच्या बायायचं माप नाही येत. एकाच बाईचं येते."

मी पान खात उभा होतो. सुपारी घशात अडकली.

त्यानंतर ती तीन वर्षं राहिली. बाजारात गेली, पोरीकडे खाप्याला गेली, नातवाच्या बारशाला गेली. मी चौदा ब्लाउज शिवले. शेवटचा समोरूनच नाही, दोन्ही बाह्यांवरूनही पूर्ण उघडणारा होता, कारण हात वर करवत नव्हता. मागच्या शिमग्यानंतर ती गेली. बायका म्हणाल्या, आता अंगात घालता येत नाही, ब्लाउज वरूनच ठेवा. मी म्हटलं, घालता येतो, तसाच शिवला आहे. पोरीनं घातला. त्या दिवशी पोरीनं पहिल्यांदा पाहिलं. दार उघडून बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाबा, बरोबर बसला. दोन्हीकडून." मी तिथे जोरानं रडलो, आणि मला त्याची लाज नाही वाटली.

आता मी एकटा आहे. स्वयंपाक मीच करतो. फोडणी देत नाही, कच्चंच तेल घालतो. मशीनवर कपडा होता, तो दिवाळीपर्यंत मी काढला नाही.

दिवाळीनंतर सावनेरकडची एक बाई आली. दवाखान्याच्या रांगेत ती बायकोशेजारी बसायची. बायकोनं तिला ब्लाउज दाखवला होता, पत्ता दिला होता. सोबत नवरा, कोळशाच्या खाणीत काम करणारा, मान खाली घालून उभा. बाईचा पदर उजवीकडे नाही, डावीकडे ओढलेला. एवढाच फरक.

"काका, एक ब्लाउज शिवून द्या," ती म्हणाली.

मी नवऱ्याला विचारलं, "तू पाह्यलं का तिले?"

बाईच म्हणाली, "हाव. पट्टी तेच करत होते."

"मग तूच शिव. बस इथं."

"मले नाही जमत काका. माह्ये हात पहा ना."

मी त्याचे हात पाहिले, माझे त्याला दाखवले. मशीनवरचा कपडा काढला, पट्टा काढला, पाय मारायला लावले. मग पट्टा चढवला. त्यानं असा पाय दिला की चाक उलटं गरकन फिरलं.

"पाय आहेत का मुसळं?" माझ्या तोंडून निघालं.

बाई पदर तोंडाला लावून हसली.

ते दर रविवारी येतात. मागच्या रविवारी त्यानं पेपरची एक अख्खी ओळ शिवली, एका अक्षराला भोक पाडलं नाही. धागा अजून दिला नाही त्याला. मोहरीचं सांगितलं आहे, पिशवीचं सांगितलं आहे. भाजायचं नाही सांगितलं. एकदा उगवू दे त्याची. ती हसेल.